पहिला अंक: अनियतकालिक काढू पाहणाऱ्यांसाठी

मराठीत छोटं वाङ्मयीन नियतकालिक काढायला पदवी लागत नाही, की कुणाची शिफारस लागत नाही. पन्नासच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी मुंबईत 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून. पुढे साठच्या दशकात 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त', 'भारूड' अशी कितीतरी अनियतकालिकं, म्हणजे ठरावीक तारखेला न निघणारे अंक, निघाली. प्रस्थापित मासिकांनी जे छापलं नसतं ते त्यांनी छापलं आणि आज ज्यांना आपण मोठे कवी-लेखक म्हणतो त्यातले बरेच जण तिथे घडले. मुंबई-पुण्यात असणंही गरजेचं नाही. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' औरंगाबादेतून चालवलं, पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये 'कवितारती' धुळ्यातून सुरू केलं.

मी आणि दोन मित्र गेली नऊ वर्षं एका तालुक्याच्या गावातून अंक काढतो आहोत. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे फोन येतात, तेव्हा प्रश्न जवळजवळ तेच असतात. त्यांची उत्तरं इथे कामाच्या क्रमाने लिहितो.

माप आधी, मजकूर नंतर

बहुतेक जण उलट करतात. मित्रमंडळींकडून साहित्य मागवतात, ते दोनशे पानांचं होतं, छपाईचा आकडा ऐकून धीर सुटतो आणि पहिला अंक कपाटातच राहतो. आधी कागद ठरवा.

माझा सल्ला असा: ए-४ कागद मधोमध दुमडून होणारा ए-५ आकार, ६४ पानं, मध्ये दोन पिना आणि ३०० प्रती. ६४ पानं म्हणजे ए-४ चे १६ कागद, कारण एका कागदावर चार पानं बसतात. म्हणून पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत धरा. सत्तर जीएसएमचे (एका चौरस मीटरला ७० ग्रॅम) असे १६ कागद सुमारे ७० ग्रॅम भरतात, अडीचशे जीएसएमचं कव्हर आणखी १५-१६ ग्रॅम. म्हणजे एक अंक साधारण ८५ ग्रॅमचा आणि ३०० अंक पंचवीस-साडेपंचवीस किलोचे. दोन पिशव्यांत भरून मोटारसायकलवर घरी आणता येतात, एका कपाटाच्या दोन फळ्यांवर राहतात आणि दोन माणसं एका रविवारात पाकिटं भरून मोकळी होतात. हे सगळं माणसाच्या हातात मावणारं आहे, म्हणूनच हे माप मला महत्त्वाचं वाटतं. अंक हाताबाहेर गेला की पैसे कमी पडण्याच्या आधी उत्साह कमी पडतो.

वर्षाला किती अंक काढायचे? पहिल्या वर्षी दोन पुरे. 'अनियतकालिक' हा शब्द अंकावर छापायला संकोच करू नका. चांगलं साहित्य जमलं की अंक काढायचा, ही भूमिका त्या शब्दात आहे आणि वाचकांना ती समजते.

नाव आणि नोंदणी

नाव लहान ठेवा, उच्चारायला सोपं ठेवा आणि त्याच नावाचं दुसरं नियतकालिक आहे का ते तपासा.

नोंदणीबद्दल गोंधळ फार आहे. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून 'प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३' लागू झाला. पूर्वीसारखं डिक्लेरेशनसाठी (प्रकाशनाच्या घोषणापत्रासाठी) सरकारी कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. शीर्षक आणि नोंदणी या दोन्हींसाठी 'प्रेस सेवा' पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो. हा कायदा ज्याला नियतकालिक म्हणतो ते ठरावीक अंतराने निघणारं आणि सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असलेलं प्रकाशन. तुम्ही त्रैमासिक म्हणून नियमित अंक काढणार असाल आणि त्यात सामाजिक-राजकीय लेख असतील, तर नोंदणी करून घ्या. वर्षातून एखाद-दुसरा कविता-कथांचा अंक काढत असाल, तर एखाद्या जाणत्या वकिलाला किंवा नोंदणीकृत अंकाच्या संपादकाला विचारून निर्णय घ्या. दोन्ही वेळी संपादक, प्रकाशक, मुद्रक यांची नावं आणि पत्ते अंकात ठळक छापा.

आयएसएसएन हा नियतकालिकांना मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक वेगळा. तो दिल्लीच्या सीएसआयआर-निस्पर या संस्थेकडून मिळतो आणि त्याला शुल्क नाही. पण एक खबरदारी: क्रमांक छापला की काही प्राध्यापक मंडळी पदोन्नतीच्या गुणांसाठी लेख पाठवू लागतात, कधी पैसेही देऊ करतात. ते पैसे घेऊ नका. एकदा घेतले की अंक वाचकांचा राहत नाही.

साहित्याचं आवाहन

आवाहन अर्ध्या पानाचं असावं. त्यात शेवटची तारीख, शब्दमर्यादा, कवितांची संख्या (आम्ही पाच मागतो, एक कविता वाचून कवी कळत नाही), उत्तर केव्हापर्यंत मिळेल आणि मानधन देणार की नाही, एवढं स्पष्ट लिहा. 'दर्जेदार साहित्य पाठवावे' असं लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. त्यापेक्षा तुम्हाला काय हवंय ते सांगा. आमच्या एका अंकासाठी आम्ही लिहिलं होतं: 'बाजार समितीत, दवाखान्यात, एसटीत, शाळेत, जिथे तुम्ही रोजचे आठ तास घालवता, तिथलं गद्य पाठवा.' आलेल्या साहित्यात एका कंडक्टरचं अकरा पानांचं टिपण होतं. वळणाच्या रस्त्यावर तोल सांभाळत तिकिटं कशी फाडायची, सुटे पैसे नसलेल्या म्हाताऱ्या बायांशी कसं बोलायचं, हे त्यात इतकं बारकाईने आलं होतं की आम्ही त्यातली एक ओळही बदलली नाही.

युनिकोडमधली वर्ड फाइल मागा, पण हाताने लिहिलेलं परत पाठवू नका. वहीचं पान मोबाइलने टिपून व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्यांकडून आमच्याकडे फार चांगलं लेखन आलं आहे. ते टाइप करायला एक संध्याकाळ जाते, जाऊ द्या.

वाचणं आणि उत्तर देणं

अंकाची खरी किंमत इथे ठरते, असं मला मनापासून वाटतं.

एक जाड वही घ्या. रकाने आखा: आल्याची तारीख, नाव, गाव, काय पाठवलं, कुणी वाचलं, निर्णय, उत्तर दिल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा राहिलेली एकही ओळ असता कामा नये. मराठीत लिहिणाऱ्या माणसाला नकारापेक्षा शांततेचा त्रास जास्त होतो. वर्षभर वाट बघून लिहिणं सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

प्रत्येक मजकूर किमान दोघांनी वाचावा आणि आपलं मत एकमेकांना न सांगता वहीत लिहावं. मतं जुळली तर प्रश्न नाही. जुळली नाहीत तर तो मजकूर मोठ्याने वाचा. समोरासमोर बसून मोठ्याने वाचलं की खोटी ओळ कानाला लगेच कळते.

नकाराचं पत्र छापील नसावं, लांबही नसावं. आमचं साधारण असं असतं:

'सप्रेम नमस्कार. तुमच्या पाच कविता आम्ही तिघांनी वाचल्या. या अंकासाठी त्या घेत नाही आहोत. "चूल" या कवितेतलं दुसरं कडवं आम्हाला आवडलं. धुराने डोळे चोळणारी आई तिथे दिसते. बाकी कवितांत आईबद्दल विधानं येतात, आई येत नाही. पुढच्या अंकासाठी जरूर पाठवा.'

चार-पाच वाक्यं. त्यात एक तरी गोष्ट अशी हवी, जी फक्त ती कविता वाचलेल्या माणसालाच लिहिता येईल. दर अंकाला अशी शंभर-सव्वाशे पत्रं होतात. तिघांत वाटून घेतली तर तीन आठवड्यांत होतात.

ओळखीच्यांचं साहित्य हा नाजूक भाग. गावातल्या ज्येष्ठ कवींचा फोन येतो, 'बाळा, या वेळी आपलं काहीतरी घे.' मी त्यांना घरी जाऊन भेटतो, कविता त्यांच्या तोंडून ऐकतो आणि घ्यायची नसेल तर तिथेच हात जोडून सांगतो. वाईट वाटतं, पण फोन टाळल्याने होणारा दुरावा त्याहून वाईट. पहिल्याच अंकात स्वतःच्या कविता छापायच्या का, असंही विचारतात. एक-दोन छापा, पण त्या दुसऱ्याने निवडलेल्या असाव्यात.

संपादन

स्वीकारलं म्हणजे जसंच्या तसं छापलं, असं नाही. एका तरुणाने विहीर खणण्यावरची कविता पाठवली होती. सुरुंगाचा आवाज, खाली उतरलेली माणसं, वर दोर धरून बसलेली बहीण, सगळं उत्तम. शेवटच्या चार ओळींत मात्र विहीर म्हणजे आयुष्य कसं, ते समजावून सांगितलं होतं. मी फोन केला, त्या चार ओळी न वाचता कविता त्याला ऐकवली आणि थांबलो. तिकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, 'सर, इथंच थांबवू या. दोर ताईच्या हातातच राहू दे.' ओळी त्याने काढल्या, मी नाही. एवढं पथ्य पाळा: बदल सुचवा, पण लेखकाच्या होकाराशिवाय एक शब्दही हलवू नका. शुद्धलेखन आपण करायचं, पण बोलीतलं लेखन प्रमाणभाषेत आणायचं नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी मजकुराचं प्रूफ ती बोली बोलणाऱ्या माणसाकडूनच वाचून घ्या.

हक्कांबद्दल एक ओळीचं पत्र किंवा मेल पुरतो: 'हे साहित्य एकदा छापण्याची परवानगी आहे, बाकी सर्व हक्क लेखकाचे.' अनुवाद छापताना मूळ लेखकाची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो.

टंक आणि मांडणी

मांडणीसाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लिब्रे ऑफिस किंवा स्क्रायबस मोफत आहेत आणि दोन्हींत देवनागरी नीट जुळते. इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवडा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. टंकही (फॉन्ट) मोफत आहेत: एक टाइपचं 'मुक्त', आयआयटी मुंबईचं 'शोभिका', राज्य मराठी विकास संस्थेचं 'यशोमुद्रा'. मजकुराला एक आणि शीर्षकांना एक, असे दोन टंक पुरे. मजकूर ११ किंवा १२ पॉइंटात आणि ओळींमध्ये भरपूर जागा. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळी दाटीने बसवल्या तर डोळा थकतो.

जुन्या टंकांतल्या फाइली युनिकोडमध्ये बदलताना सर्वांत जास्त काळजी घ्या. आमच्या तिसऱ्या अंकात सह्याद्रीवरची एक कविता होती. तिच्यातल्या 'दऱ्या' रूपांतरात 'दर्या' झाल्या आणि तिघांच्याही नजरेतून ते सुटलं. घाटमाथ्यावर समुद्र आला. कवीचा फोन आला तेव्हा मला बोलता येईना. पुढच्या अंकात ती कविता आम्ही पहिल्या पानावर पुन्हा छापली. तेव्हापासून फाइल तयार झाली की शोध-खिडकीत 'र्य' टाकून प्रत्येक जागा तपासतो: आचार्यांना आणि आचाऱ्यांना, सूर्याला आणि वाऱ्याला, कुठे रफार हवा आणि कुठे 'ऱ्य'. मग 'अॅ' आणि 'ॲ' एकसारखे आहेत का ते बघतो. मग दोन शब्दांमधल्या दुहेरी मोकळ्या जागा. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

कवितेची लांब ओळ ए-५ पानात मावली नाही तर ती आपोआप तुटून खाली येते आणि नवीन ओळ वाटते. तुटलेला भाग आत सरकवून लावा म्हणजे तो आधीच्याच ओळीचा आहे हे कळतं. कडवं मधोमध तोडून पान बदलू नका. पान थोडं रिकामं राहिलं तर राहू द्या, तिथे शुभेच्छांची चौकट घालू नका.

प्रूफं किमान तीन वेळा, त्यातलं एक कागदावर काढून. शेवटचं प्रूफ लेखकाला पाठवा आणि उत्तराला तीन दिवस द्या. नावं, गावं आणि अनुक्रमणिकेतले पान क्रमांक वेगळ्या माणसाने तपासावेत.

छापखान्यात

जाण्यापूर्वी घरी डमी करा. १६ कोरे कागद एकत्र दुमडा, पेन्सिलीने १ ते ६४ आकडे घाला आणि कागद सुटे करा. सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला ६४ आणि १ दिसतील, दुसऱ्या बाजूला २ आणि ६३. कोणत्याही बाजूची बेरीज ६५ येते. बेरीज चुकली की पान चुकलं. ही डमी छापखान्यात सोबत न्या, बोलणं सोपं होतं. दुमडल्यावर मधले कागद थोडे बाहेर येतात आणि कटिंगमध्ये कापले जातात, म्हणून बाहेरचा समास किमान १५ मिलिमीटर ठेवा.

३०० प्रतींसाठी डिजिटल आणि ऑफसेट दोन्हींचे दर मागवा. ऑफसेटला प्लेटांचा खर्च सुरुवातीलाच येतो, त्यामुळे प्रती वाढतील तसा तो परवडू लागतो. दर लेखी घ्या. त्यात कागद, कव्हर, पिनिंग, कटिंग सगळं धरलं आहे ना ते विचारा. पांढऱ्या शुभ्र कागदापेक्षा नॅचरल शेड (किंचित पिवळसर कागद) डोळ्यांना बरा आणि त्यावर शाई छान दिसते. पूर्ण प्रती काढण्याआधी एक प्रत पिन मारून, कापून हातात घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटा. मशीन सुरू असताना तिथे थांबता आलं तर थांबा. मशीनवरच्या माणसाला अंक कसला आहे ते सांगा, त्याला एक प्रत द्या. आमच्या छापखान्यातला कटिंगवाला आता प्रत्येक अंकातली कथा वाचून मला मत सांगतो.

पैसे

सुरुवातीचा खर्च स्वतःच्या खिशातून, समान वाटून. अंकासाठी वेगळं खातं ठेवा आणि प्रत्येक अंकाचा जमाखर्च शेवटच्या पानावर छापा. वाचकांना हिशेब दिसला की ते न मागताही मदत करतात, हा आमचा अनुभव आहे. अंकावर 'देणगीमूल्य' छापायची आपल्याकडे जुनी रीत आहे. रक्कम छपाई आणि टपाल मिळून येणाऱ्या खर्चाइतकी तरी ठेवा, शेजारी क्यूआर कोड द्या.

वर्गणी आगाऊ घ्याल तर अंकांच्या संख्येवर घ्या, वर्षांवर नको. 'चार अंकांची वर्गणी' म्हटलं की अंक उशिरा निघाला तरी कुणाचे पैसे बुडत नाहीत. जाहिरात घ्यायची तर पुस्तकांच्या दुकानाची, छोट्या प्रकाशकाची किंवा गावातल्या चांगल्या खानावळीची घ्या. ज्या जाहिरातीसोबत चेअरमनचा फोटो आणि एक कविता छापायची अट येते, ती नम्रपणे नाकारा. मानधन देता येत नसेल तर लेखकाला पाच प्रती द्या आणि त्या त्याच्या घरी वेळेवर पोचवा.

पाठवणं

जुनं बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही टपालसेवा आली, तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंतचा दर २० रुपये होता. पण ठरावीक काळाने निघणारी प्रकाशनं आणि जाहिराती असलेला मजकूर त्यात चालत नाही. तुमचा अंक त्यात बसतो का, हे छपाईच्या आधीच एक डमी घेऊन जाऊन पोस्टात विचारा, कारण त्यावरच अंकाचं मूल्य ठरणार आहे. पत्त्यांची यादी पिनकोडप्रमाणे लावून न्या. दुपारी दोननंतर गर्दी कमी असते, आमच्या पोस्टातल्या ताई तेव्हा शांतपणे वजन करून देतात.

तीनशेची वाटणी आम्ही अशी करतो: लेखकांना साधारण ७०, वर्गणीदारांना १२०, दुकानांत आणि संमेलनांत ६०, वाचनालयांना ३०, जपण्यासाठी २०. दुकानात ठेवताना कमिशन आणि हिशेबाची तारीख लिहून घ्या. बेळगाव, पणजी, इंदूर, वडोदरा इथल्या मराठी वाचनालयांना विसरू नका. तिथून येणारी पत्रं मोठी असतात आणि अंक पूर्ण वाचून लिहिलेली असतात.

प्रकाशनासाठी हॉल घेऊ नका. शाल-श्रीफळाचे पैसे पुढच्या अंकाच्या कागदाला येतील. वाचनालयाच्या पायरीवर किंवा कुणाच्या गच्चीवर बसा आणि अंकातल्या चार जणांना वाचायला सांगा.

प्रती जपणं

साठच्या दशकातली कितीतरी अनियतकालिकं आज पूर्ण संचात मिळत नाहीत. त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना एकेका अंकासाठी घरोघर फिरावं लागतं. आपल्या अंकाचं तसं होऊ देऊ नका. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या प्रकाशनाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे पाठवायची असते. छोटे संपादक हे बहुधा करत नाहीत. चार पाकिटं आहेत, पहिल्याच दिवशी पाठवा. शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणचं एक जुनं वाचनालय निवडा आणि ग्रंथपालांना समक्ष भेटून अंक नोंदवहीत चढवला जाईल याची खात्री करून घ्या.

छपाईची अंतिम पीडीएफ आणि मूळ युनिकोड फाइल तिघांच्या संगणकांवर वेगवेगळी ठेवा. घरच्या वीस प्रती प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, पावसाळ्यात आत दमट होतं. खाकी कागदात गुंडाळा, वर अंक क्रमांक आणि महिना लिहा, कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवा आणि जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. दर मार्चमध्ये एकदा उघडून बघा.

आणि वही. साहित्याच्या नोंदींची ती जाड वहीही त्याच फळीवर ठेवा, पुढच्या अंकाचं आवाहन निघालं की पहिल्याच आठवड्यात ती लागते.